बांधावर पडलेले किरण

टाळेबंदीच्या दुसऱ्या महिन्यात आमच्या गावात बातमी पसरली, की मी घरी बसून मास्क बनवते. बातमी आईनेच पसरवली होती. विहिरीवर कुणीतरी तिला विचारलं, "तुझी पोर मुंबयशी आल्यापासून दिवसभर त्या कम्पुटरवर काय करते गो?" आदल्याच संध्याकाळी मी फोनवर आमच्या मॅडमशी 'मास्क असा हवा, मास्क तसा हवा' म्हणून बराच वेळ बोलत होते. आईने ते ऐकलं होतं. तिने ऐकलं तेच सांगितलं.

दोन-तीन दिवसांत गावची आरोग्यसेविका, आशाताई, दारात हजर. खांद्याला औषधांची पिशवी, तोंडाला ओढणी घट्ट बांधलेली. अंगणातच लांब उभी राहून म्हणाली, "ताई, वाडीवरच्या मानसांसाठी पन्नासेक मास्क देशील का गो? कापडाचेच दे, धुवून वापरता येतात."

मी म्हटलं, "माझा मास्क टंगस्टनचा आहे."

"ते कापड कुठं भेटतं? कल्याणला?"

पडवीत बसलेले बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या दिवसांत कुणाला ठसका लागला तरी लोक दचकायचे. आशाताई आणखी दोन पावलं मागे सरकली.

मग मी तिला नीट सांगायचं ठरवलं. मी तेव्हा मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत काम करत होते, आजही तिथेच आहे. अवकाशात सोडायच्या एका दुर्बिणीसाठी आमचा गट डिटेक्टर तयार करत होता. साध्या प्रकाशाचा नाही, एक्स-रेचा. आणि एक्स-रेमधलेही जे जास्त ऊर्जेचे, ज्यांना आम्ही 'हार्ड' म्हणतो, त्यांचा. प्रयोगशाळा बंद झाल्यावर मी लॅपटॉप घेऊन गावी आले होते.

आदल्या वर्षी आईचा हात मनगटात मोडला होता. मुरबाडला काढलेली त्याची फिल्म अजून कणगीमागच्या खिळ्याला लटकत होती. मी ती आणून उन्हात धरली. "हाड पांढरं का दिसतं, सांग. किरण हाडात अडले म्हणून. म्हणजे ही फिल्म हाडाची सावली आहे. आकाशातही असे एक्स-रे सोडणाऱ्या वस्तू आहेत. आपल्या दुर्बिणीला भिंग लावून हे किरण गोळा करता येत नाहीत, ते भिंगातून सरळ आरपार जातात. म्हणून आम्ही वर टंगस्टनचा पत्रा लावतो. त्याला ठरावीक नक्षीत खूप भोकं. किरण भोकांतून खाली येतात, पत्र्यात अडतात. खाली डिटेक्टरवर त्या नक्षीची सावली पडते. तारा जरा बाजूला असला की सावली जरा सरकते. सावली वाचली की तारा नेमका कुठे आहे ते कळतं. त्या भोकाच्या पत्र्याला मास्क म्हणतात."

"म्हंजी चाळण."

"चाळणच म्हण."

आशाताईने मान डोलावली. फिल्मकडे पाहून आईला म्हणाली, "हात बरा जुळलाय हां तुमचा." आणि मग माझ्याकडे वळून, "मग कापडाचे नायच का?"

शेवटी आईने जुन्या सुती साड्या काढल्या, शिवणयंत्राला तेल घातलं आणि वाडीपुरते मास्क शिवून दिले. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी दोन प्रकारच्या मास्कांवर काम चाललं होतं, आणि लोकांच्या उपयोगी आधी आईचे पडले.

आमचं गाव मुरबाडच्या बाजूला, डोंगराच्या अंगाला. पण माझं लहानपण तिथे गेलं नाही. बाबा मुंबईला पाणी देणाऱ्या भातसा धरणावर नोकरीला होते. दरवाजांच्या यंत्रांची देखभाल, तेल-वंगण हे त्यांचं काम. आम्ही भातसानगरच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. बाबा पाहुण्यांना धरण दाखवायला न्यायचे आणि भिंतीवर उभं राहून सांगायचे, "मुंबय आमच्या हातचं पाणी पिते." धरणावर शेकडो माणसं कामाला होती, पण बाबांच्या बोलण्यात ते सगळं पाणी त्यांच्याच हातून जायचं. मला शाळेत असताना त्याची लाज वाटायची. मी शहापूरला कॉलेज केलं, मग मुंबईला शिकले आणि तिथेच कामाला लागले. बाबा निवृत्त झाल्यावर दोघं गावी येऊन वडिलोपार्जित भातशेती बघू लागले.

गावात रेंज नव्हती. घराच्या वरच्या अंगाला माळ आहे, तिथे एका ठिकाणी फोनला दोन काड्या यायच्या. पहिले काही दिवस मी तिथे उन्हात दगडावर बसून काम केलं. पडदा दिसायचा नाही म्हणून डोक्यावरून आईची साडी ओढून घ्यायची. एका सकाळी उठून वर गेले तर बाबांनी बांबू रोवून मांडव उभा केलेला. वर पेंढा, खाली सारवलेली जमीन, टेबल म्हणून जुन्या दाराची फळी. ते घाम पुसत म्हणाले, "हापिस तयार. शिपाई मी." आणि खरोखर ते दिवसातून दोनदा खाली जाऊन माझी बॅटरी चार्ज करून आणायचे.

मोठी गणितं संस्थेतल्या संगणकावर चालायची. मी मांडवातून फक्त आज्ञा पाठवायची आणि उत्तरं वाचायची. दोन काड्या त्याला पुरत.

आमची अडचण मास्कमध्ये नव्हती, खालच्या डिटेक्टरमध्ये होती. डिटेक्टर म्हणजे एका खास स्फटिकाच्या चपट्या वड्या, फरशीसारख्या शेजारी शेजारी बसवलेल्या. प्रत्येक वडीच्या खालच्या अंगाला धातूचे बारीक चौकोन. किरण वडीत शिरला की आत थोडा विद्युतभार सुटतो. वरून व्होल्टेज दिलेलं असतं, त्यामुळे तो भार खाली वाहत येतो आणि ज्या चौकोनावर पोचतो तिथे नोंद होते. कुठल्या चौकोनावर, त्यावरून जागा कळते. किती भार, त्यावरून किरणाची ऊर्जा कळते.

पण किरण दोन चौकोनांच्या मधोमध पडला तर? भार वाटला जातो. थोडा इकडे, थोडा तिकडे. दोन्ही चौकोन अर्धवट सांगतात, आणि दोघांचंही सांगणं चूक. आमच्या पहिल्या आराखड्यात अशा जोडनोंदी सरळ टाकून द्यायच्या होत्या. चित्र रेखीव हवं तर चौकोन बारीक हवेत. आणि चौकोन जितके बारीक तितक्या मधल्या सीमा जास्त, तितके किरण वाया. दूरच्या वस्तूकडून किरण मोजकेच येतात. त्यातले एवढे फेकायचे, हे मला सहन होत नव्हतं.

मॅडम आमच्या गटाच्या प्रमुख. त्यांनी आयुष्यभर डिटेक्टर बनवले होते आणि त्या उगाच धोका घेत नसत. त्यांचं म्हणणं होतं, चौकोन मोठे करू. चित्र थोडं जाड येईल, पण खात्रीचं येईल.

माझं म्हणणं वेगळं होतं. फेकू नका, बेरीज करा. दोन्ही चौकोनांतला भार मिळवला तर पुरी ऊर्जा मिळते. आणि कुणाकडे किती गेला त्याच्या प्रमाणावरून किरण सीमेच्या किती जवळ पडला तेही कळतं. म्हणजे एकट्या चौकोनाच्या नोंदीपेक्षा ही जोडनोंद जागा जास्त अचूक सांगते. जी नोंद आम्ही कचऱ्यात टाकायला निघालो होतो तीच सगळ्यात कामाची होती.

कल्पना मला सुचली होती, पण सांगता येत नव्हती. फोनवर मॅडमना सांगायला लागले की मी समीकरणांत शिरायची, रेंज जायची, आणि परत लागली की पुन्हा पहिल्यापासून.

एकदा दुपारी आई भाकरी घेऊन मांडवात आली. ती राब भाजून आली होती. पेरणीआधी रोपांच्या जागेवर पालापाचोळा, शेण पसरून जाळतात ते काम. हातापायांना राख, केसांत राख. खाली बसून तिने विचारलं, "अडलंय काय तुझं? येवढी कपाळाला आठी घालून बसतेस ती?"

समोर आमची भाताची खाचरं पसरली होती, मध्ये बांध. मी म्हटलं, "पाऊस पडतो तो खाचरात पडतो. पण बांधावर पडतो तो पाऊस कुणाचा?"

"दोन्हीकडचा. थोडा हिकडं उतरतो, थोडा तिकडं."

"मॅडम म्हणतात, तो मोजायचाच नाही. सोडून द्यायचा."

"भांडण नको म्हणून आसंल," आई म्हणाली. "बांधावरनं भांडणं लय होतात." आणि मग तिने मला चुलत्यांची बांधाची सबंध हकिकत ऐकवली, कोण कुणाच्या हद्दीत किती कोरत गेला, कोण कुणाशी किती वर्षं बोलला नाही. माझ्या प्रश्नाकडे ती परत आली नाही. पण भाकरी खाता खाता माझ्या डोक्यात सगळं रांगेत बसलं. संध्याकाळी मी मॅडमना फोन केला आणि समीकरण न काढता सांगितलं: बांध आहेत, बांधावर पाणी पडतं, दोन्ही खाचरांतलं पाणी मोजून बेरीज करू.

पलीकडे कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज आला.

"कागदावर छान आहे," त्या म्हणाल्या. "पण तू जे करायचं म्हणतेस त्यासाठी एका चौकोनात नोंद झाली की त्याच्या सगळ्या शेजाऱ्यांनाही त्याच क्षणी विचारावं लागेल. नोंदी वाचणाऱ्या चिपला तेवढा वेळ आहे का? आणि प्रत्येक चौकोनाची स्वतःची खरखर असते, किरण नसतानाही उमटणारी. दोन मिळवलेस की दोघांची खरखर मिळवलीस."

"दाखवू का करून?"

"दाखव. आढावा समितीपुढेच दाखव. मी तुझ्या बाजूने बोलणार नाही आणि विरुद्धही बोलणार नाही."

मग मी कामाला लागले ती थांबलेच नाही. चिपची खरखर आम्ही टाळेबंदीच्या आधी मोजून ठेवली होती. ती घालून मी स्फटिकावर खोटे किरण सोडले, म्हणजे संगणकात सोडले. एकदा जोडनोंदी फेकून, एकदा बेरीज करून. उत्तरं यायला वेळ लागायचा. तोवर मी माळावर फेऱ्या मारायची, बाबांना बांबू तासायला मदत करायची. बेरीज करून आलेलं चित्र दर वेळी जास्त रेखीव यायचं. मी मुद्दाम वाईट परिस्थिती घातली, खरखर वाढवून पाहिली. तरीही चित्र टिकलं.

आढावा जूनच्या तोंडाला झाला, ऑनलाइन. समितीत बाहेरच्या संस्थांतले ज्येष्ठ लोक होते. मी कुर्ता घालून, केस नीट बांधून मांडवात बसले. बाबांनी सकाळपासून माळावर कुणाला फिरकू दिलं नाही. गुराख्यालासुद्धा लांबून वळसा घालायला लावला. पण पक्ष्याला कोण अडवणार? मी पहिलं चित्र दाखवलं आणि मागच्या ऐनाच्या झाडावर पावशा सुरू झाला. थांबेचना.

समितीतले सर्वांत वयस्कर गृहस्थ म्हणाले, "एक मिनिट. हा आवाज कसला?"

"पावशा आहे, सर. पाऊस जवळ आला की ओरडतो."

"तुम्ही आहात कुठे?"

"मुरबाड तालुक्यात. शेतावर."

ते हसले, बाकीचेही हसले. पण पुढचा प्रश्न त्यांनीच विचारला, आणि तो हसण्यासारखा नव्हता. "दोन चौकोनांत योगायोगाने एकाच क्षणी खरखर झाली, तर तुमची ही पद्धत तिची बेरीज करून त्याला किरण म्हणेल. तुम्ही किरण शोधताय की बनवताय?"

हा प्रश्न मी स्वतःला आधीच विचारला होता. मी सांगितलं, ऊर्जा आधीच ठाऊक असलेला एक किरणोत्सर्गी नमुना डिटेक्टरसमोर ठेवायचा. एकट्या नोंदींचा आलेख काढायचा, जोडनोंदींच्या बेरजेचा वेगळा काढायचा. दोघांचं शिखर एकाच जागी आलं तर बेरीज खरी. खरखरीला शिखर येत नाही, ती सगळीकडे पसरते. "प्रयोगशाळा उघडल्यावर पहिला प्रयोग हाच करीन. शिखर जुळलं नाही, तर मॅडम म्हणतात तसे मोठे चौकोन घेऊ. त्या आराखड्याचं कामही मी तयार ठेवलंय."

वयस्कर गृहस्थांनी मान हलवली. "ही अट लिहून घ्या," ते म्हणाले. मंजुरी मिळाली, अटीसकट.

कॉल संपल्यावर मॅडमचा निरोप आला: 'चांगलं मांडलंस. आता करून दाखव.' मी मांडवाबाहेर आले तर बाबा कुंपणाशी उभे. त्यांना इंग्रजीतलं काही कळलं नव्हतं. "लोकं हसली ती कशाला?" त्यांनी काळजीने विचारलं. मी सांगितलं, पावशामुळे. त्यांनी ऐनाच्या झाडाकडे अशा नजरेने पाहिलं की मला वाटलं आता ते झाडच तोडतात.

प्रयोगशाळा उघडली. नमुना समोर ठेवला, व्होल्टेज चढवलं, आणि नोंदी जमू दिल्या. पहिल्यांदा दोन शिखरं अगदी एका जागी आली नाहीत. जोडनोंदींचं थोडं कमी ऊर्जेच्या बाजूला आलं. दोन चौकोनांच्या मधल्या फटीत थोडासा भार अडकून राहत होता. पण तो दर वेळी सारख्याच हिशेबाने अडकत होता, त्यामुळे दुरुस्ती करता आली. दुरुस्त करून आलेख परत काढला तेव्हा एक शिखर दुसऱ्यावर असं बसलं की पडद्यावर एकच दिसू लागलं. मॅडम माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी आराखड्यातून मोठे चौकोन काढून टाकलेले होते.

त्यानंतरची दोन-तीन वर्षं जोडणीत आणि चाचण्यांत गेली. त्यातली एक चाचणी मी विसरणार नाही. रॉकेटमधून वर जाताना जे हादरे बसतात तेवढे हादरे डिटेक्टरला जमिनीवरच द्यायचे. त्याला थरथरणाऱ्या टेबलावर बोल्टने आवळतात आणि आपण काचेच्या पलीकडे उभं राहून बघायचं. जे दिवसदिवस श्वास रोखून जोडलं, ते गाढवाच्या पाठीवरच्या मडक्यांसारखं खडखडताना बघायचं. चाचणी संपली, चालू केलं, आणि डिटेक्टरचा एक कोपरा गप्प. चार वड्यांचा तो भाग काहीच सांगत नव्हता.

बैठकीत एकजण म्हणाला, शेजाऱ्यांना विचारण्याच्या योजनेचा चिपवर ताण आला असेल, ती बंद करून पाहू. मी म्हटलं, आधी उघडून पाहू, मग बंद करू. आवाज चढला होता माझा. मॅडम म्हणाल्या, "उघडा."

सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. त्या कोपऱ्याला वरून व्होल्टेज देणारी केसाएवढी तार बुडाशी तुटली होती. चिप ठणठणीत होती. तार ताणून जोडली गेली होती, हादऱ्यात वाकायला तिला जागाच नव्हती. आम्ही सगळ्या तारा पुन्हा लावल्या, प्रत्येकीला छोटी सैल कमान ठेवून, आणि प्रत्येक जागी एकीऐवजी दोन. पुन्हा टेबलावर चढवलं, पुन्हा हादरे. या वेळी सगळे कोपरे बोलले. मी काचेवर कपाळ टेकवून उभी होते, ते माझं मलाच नंतर कळलं. काचेवर डाग पडला होता.

रॉकेट सुटलं त्या दिवशी मी संस्थेत होते. गावात लोकांनी ग्रामपंचायतीत बसून टीव्हीवर पाहिलं. बाबांचा फोन आला. मागे इतका गलका, की ते ओरडून बोलत होते. "गेलं काय गो?"

"गेलं, बाबा."

"आमी पण बगितलं. तरी म्हटलं, तुला इचारून घ्यावं."

वर गेल्यावर लगेच डिटेक्टर चालू करता येत नाही. आत अडकलेली हवा, ओल सगळी निघून जावी लागते, नाहीतर व्होल्टेजची ठिणगी पडते. आम्ही वाट पाहिली. मग हळूहळू व्होल्टेज चढवलं. सगळ्या वड्या जाग्या झाल्या. पहिलं लक्ष्य ठरलेलं होतं, खेकडा तेजोमेघ. कधीकाळी फुटलेल्या ताऱ्याचा तो अवशेष. हार्ड एक्स-रेमध्ये तो ठळक दिसतो, म्हणून नवा डिटेक्टर बहुधा आधी त्याच्याकडेच वळवतात. सावल्यांच्या नोंदी उतरू लागल्या. त्यांचं चित्र करायला, विशेषतः जोडनोंदींसकट करायला वेळ लागणार होता आणि ते काम माझ्या सहकाऱ्याकडे होतं. मी दर तासाला त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहत होते. शेवटी मॅडम मला म्हणाल्या, "तू त्याला काम करू देणार नाहीस. घरी जा. चार दिवस येऊ नकोस."

घरी झोडणी चालू होती. कापलेल्या भाताचे भारे खळ्यावर रचले होते. आई, बाबा आणि भावकीतली पाच-सहा माणसं मूठ मूठ भात लाकडी बाकावर आपटून दाणे पाडत होती. मीही पदर खोचल्यासारखी ओढणी खोचली आणि उभी राहिले. आता गावाच्या टोकाला टॉवर झालाय, खळ्यावर फोन लागतो. दुपारी तो वाजला.

मॅडम होत्या. "फोटो पाठवलाय, बघ."

"कसा आलाय?"

"दोन आहेत. डावीकडचं चित्र जुन्या पद्धतीचं आहे, जोडनोंदी टाकून. उजवीकडे त्या धरून." मग त्या म्हणाल्या, "डावीकडचं सगळ्यांचं आहे. उजवीकडचं तुझं."

मी हात ओढणीला पुसले आणि फोटो उघडला. काळ्या पार्श्वभूमीवर डावीकडे एक पसरट, फिकट ठिपका होता, ओल्या कागदावर शाई सांडल्यासारखा. उजवीकडे तोच ठिपका लहान, गच्च, लख्ख. आजूबाजूचा काळोख स्वच्छ. कित्येक हजार वर्षांपूर्वी तिथून निघालेले किरण, त्यातले दोन चौकोनांच्या मध्ये पडलेले, जे मोजायचेच नाहीत असं ठरत आलं होतं, ते सगळे त्या ठिपक्यात होते. माझे डोळे भरून आले. डोळ्यात भाताचं कुसळ गेलं, असं निमित्त मी कुणाला सांगितलं नाही.

सगळे भोवती जमले. आईने वाकून पाहिलं. "काय हाय हे?"

"खेकडा म्हणतात त्याला."

"चिंबोरी?" आई म्हणाली, आणि खळ्यावर हशा पिकला. एकजण म्हणाला, येवढ्या लांबून चिंबोरी धरली, आता रस्सा कर. मी तारा कसा फुटला, काय उरलं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. भावकीतले एक म्हातारे काका, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो, त्यांनी फोन हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला, दोन्ही ठिपके पाहिले.

"ह्यो बरा दिसतो," ते उजव्यावर बोट ठेवून म्हणाले. "ह्यो कुनी काढला?"

इतकी वर्षं असं कुणी विचारलं की मी 'आमच्या गटाने' म्हणायची. तेच सभ्यपणाचं असतं, आणि खोटंही नसतं. दुर्बीण खरंच शेकडो लोकांनी बनवली. रॉकेट दुसऱ्यांचं, मास्क कोरणारे दुसरे, तारा जोडणारे हात दुसरे. बाबा समोर उभे होते, केसांत पेंढ्याच्या काड्या. मुंबई आमच्या हातचं पाणी पिते, असं ते का म्हणत असतील, ते मला त्या क्षणी आतून समजलं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं.

"दुर्बीण पुष्कळांनी बनवली, आप्पा," मी म्हटलं. "पण हा उजवीकडचा ठिपका मी काढला."

"आसं व्हय," आप्पा म्हणाले. त्यांनी फोन बाबांकडे दिला, बाबांनी आईकडे. आईने चित्र बोटाने मोठं करून पाहिलं, पुन्हा लहान केलं, मग पुन्हा मोठं केलं. पडद्यावर तिच्या बोटाची धूळ उमटली. ती तिने पदराने हलकेच पुसली, फोन मला दिला आणि म्हणाली, "ठेव नीट. दाने जातील त्यात."

मी फोन घरात नेऊन ठेवला. परत आले तेव्हा बाकाशी माझी जागा मोकळी होती. बाबांनी भाताची एक मूठ माझ्या हातात दिली, आणि अंधार पडेपर्यंत आम्ही झोडणी केली.